न खणता सापडलेला विस्तव

समजा, एका जुन्या वाड्यात पूर्वी चूल होती. पन्नास वर्षांपूर्वी ती मोडली, राख उकिरड्यावर गेली, जमीन चोपून सारवून घेतली. आज त्या खोलीत उभे राहून चूल नेमकी कोठे होती हे तुम्ही सांगू शकाल का? घरातल्या आजींना विचारता येईल. आजी नसतील तर जमीन उकरून पाहता येईल. भाजलेली तांबडी माती लागली, की जागा सापडली. पण जमीन उकरायला सक्त मनाई असेल तर?

आता पन्नास वर्षांच्या जागी पावणेदोन लाख वर्षे घाला आणि सारवणाच्या जागी चुन्याचा दगडासारखा कठीण थर घाला. फ्रान्समधील ब्रुनिकेल नावाच्या गुहेत शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. त्याचे उत्तर कुदळीने दिले नाही, भौतिकीने दिले. ते कसे, हे या लेखात पाहू.

ही गुहा फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात आव्हेरों नदीच्या खोऱ्यात आहे. तिचे तोंड फार प्राचीन काळी दरड कोसळून बंद झाले होते. दगडांच्या राशीतून हवेची बारीक झुळूक येते, हे तेथील एका गृहस्थांच्या लक्षात आले. त्यांच्या शाळकरी मुलाने तीन वर्षे खपून दगड उपसले आणि १९९० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सुमारे तीस मीटर लांबीची एक चिंचोळी वाट मोकळी केली. ती इतकी अरुंद होती, की गुहा धुंडाळणाऱ्या मंडळींपैकी जे अगदी सडपातळ होते तेच आत सरपटत जाऊ शकले. आत प्रशस्त भुयार होते. अस्वलांनी झोपण्यासाठी केलेले खड्डे होते, हाडे होती. तोंडापासून ३३६ मीटर आत, जेथे दिवसाउजेडाचा कणही पोचत नाही अशा एका दालनात, त्यांना विलक्षण गोष्ट दिसली.

चुनखडकाच्या गुहेत छतातून थेंब थेंब पाणी गळते. त्यातला चुना खाली साचत जाऊन जमिनीवरून वर वाढणारे सुळके तयार होतात. शास्त्रीय भाषेत त्यांना स्टॅलॅग्माइट म्हणतात; आपण या लेखापुरते त्यांना चुनसुळके म्हणू. या दालनातील चुनसुळके कोणीतरी मोडले होते आणि त्यांचे तुकडे जमिनीवर वर्तुळाकार रचले होते. एक कडे मोठे, सुमारे ६.७ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद. दुसरे लहान, दोन मीटरांहून थोडे मोठे. शिवाय चार छोटे ढीग. एकूण तुकडे सुमारे ४००. सगळे एकापुढे एक मांडले तर ११२ मीटर लांबी भरेल, आणि वजन होईल सुमारे २.२ टन. काही ठिकाणी तुकडे एकावर एक थर देऊन रचलेले होते आणि ते घसरू नयेत म्हणून त्यांना टेकू दिलेले होते.

हे अस्वलाचे काम असेल का? अस्वल सुळका मोडील, पण साधारण सारख्या लांबीचे तुकडे निवडून त्यांना टेकू देणार नाही. पुरामुळे वाहत आलेले तुकडे असे कड्यात बसणार नाहीत. म्हणजे हे माणसाचे काम. पण कोणत्या माणसाचे?

फ्रांस्वा रूझो या पुरातत्त्वज्ञाने १९९५ साली तेथे मिळालेल्या जळक्या हाडाच्या तुकड्याचे वय कार्बन पद्धतीने काढून पाहिले. उत्तर आले, निदान ४७,६०० वर्षे. ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असते. एवढ्या काळात मूळचा कार्बन अर्धा होतो, पुन्हा तेवढ्याच काळात पाव होतो. ४७,६०० वर्षांत हे अर्धे होणे आठ वेळांपेक्षा जास्त होते आणि मूळच्या सुमारे तीनशे भागांतला एकच भाग शिल्लक राहतो. त्याहून जुन्या वस्तूत मोजण्याजोगे फारसे उरतच नाही. वजनाचा काटा ५० किलोला अडकला म्हणजे पोत्याचे वजन ५० किलो आहे असे नव्हे, तो काटा त्यापुढे जात नाही एवढेच. १९९९ साली रूझो वारले आणि ब्रुनिकेलचे संशोधन बरीच वर्षे थांबले.

२०१३ साली बेल्जियमच्या संशोधिका सोफी व्हरहेडन यांनी ते पुन्हा हाती घेतले. त्यांच्याबरोबर झाक झोबेर, दोमिनिक झांती आदी फ्रेंच शास्त्रज्ञ होते. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. ही रचना केव्हाची? आणि येथे खरोखरच विस्तव पेटला होता का?

दुसरा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. चुनसुळक्यांचे काही तुकडे काळे होते, काही तांबूस होते, काही तडकलेले होते. मग विस्तव होता हे उघडच नाही का? नाही. गुहेतला दगड काळा दिसला की तो जळलाच असे म्हणता येत नाही. गुहेतील पाण्याबरोबर मँगॅनीजची संयुगे येतात आणि दगडावर काजळीसारखाच काळा लेप चढवतात. लोहाच्या संयुगांनी तांबूस डागही पडतात. डोळ्यांची साक्ष येथे पुरेशी नाही. आणि प्रश्न तर मोठा आहे. सूर्यप्रकाश नसलेल्या जागी, ३३६ मीटर आत जाऊन दोन टनांचे काम करायचे, तर उजेड हवाच. कोणी तो उजेड केला असेल तर त्याचा विस्तवावर पक्का ताबा होता असा अर्थ होतो.

मग खणून राख-कोळसा का शोधू नये? याचे कारण असे, की रचनेवर आणि आसपासच्या जमिनीवर चुन्याचे कवच चढलेले आहे. ते फोडायचे म्हणजे रचनाच मोडायची. उत्खननाची ही मोठी अडचण सगळीकडेच असते. रसायनशास्त्राचा प्रयोग चुकला तर तुम्ही नवी परीक्षानळी घेता. प्राचीन जागा मात्र एकदाच खणता येते. थर एकदा विस्कटला की कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती ही माहिती कायमची जाते. म्हणून हल्ली पुरातत्त्वज्ञ खणण्यापूर्वी, आणि कधी कधी खणण्याऐवजी, भूभौतिकीकडे वळतात.

जमिनीला न दुखवता विचारपूस

भूभौतिकी म्हणजे पृथ्वीच्या पोटातील गोष्टी भौतिकीच्या मोजमापांनी ओळखणे. वैद्य छातीवर बोटे वाजवून आवाज ऐकतो, तसेच काहीसे. जमिनीखालचा एक भाग दुसऱ्याहून कोणत्या तरी गुणधर्मात वेगळा असला पाहिजे, ही मात्र अट. वेगळेपणाच नसेल तर कितीही महाग यंत्र आणले तरी काही दिसणार नाही.

यातली एक पद्धत आपल्या दुष्काळी तालुक्यांतील मुलांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. विहिरीची किंवा बोअरची जागा ठरवायला भूजलाचे तज्ज्ञ येतात, जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्टचा फरक पडतो ते मोजतात. ओहमचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. प्रवाह आणि व्होल्ट कळले की जमिनीचा रोध कळतो. सळ्यांमधले अंतर वाढवीत नेले की प्रवाह अधिकाधिक खोल जातो आणि खालच्या थरांची बातमी आणतो. ओली माती वीज सहज वाहू देते. कोरडा, अखंड खडक तिला अडवतो. आणि पोकळीतील हवा तर जवळजवळ पूर्णच अडवते. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९४६ साली हीच पद्धत प्राचीन खंदक शोधण्यासाठी वापरली. स्पेनमधील आतापुएर्का येथे चुनखडकाच्या टेकडीत अनेक गुहा आहेत. त्यांतल्या काहींत मानवाच्या पूर्वजांची लाखो वर्षांपूर्वीची हाडे मिळाली. तेथे बऱ्याच गुहा मातीने गच्च भरून गेल्या असल्याने बाहेरून दिसत नाहीत. टेकडीच्या पृष्ठभागावर सळ्यांच्या लांबच लांब ओळी लावून अशा भरलेल्या गुहांचा माग काढण्यात आला. चुनखडकाचा रोध मोठा आणि मातीचा कमी, त्यामुळे मातीने भरलेली गुहा नकाशावर ठिगळासारखी उठून दिसते.

दुसरी पद्धत भूभेदी रडारची. विमानाचे रडार आकाशात रेडिओ लहरी सोडते, हे जमिनीत सोडते. हवेत या लहरी एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातात, चुनखडकात मात्र साधारण १० ते १२ सेंटिमीटर. प्रतिध्वनी ४० नॅनोसेकंदांनी परत आला आणि वेग १० सेंटिमीटर धरला, तर अडथळा किती खोल? जाण्यायेण्याला ४०, म्हणून जाण्याला २०; वीस गुणिले दहा, म्हणजे दोन मीटर. हिशेब सोपा आहे. पण ओली चिकणमाती या लहरी गिळून टाकते. त्यात गुहेच्या आत भिंती आणि छत यांवरूनही प्रतिध्वनी येतात. देवळाच्या गाभाऱ्यात दहा जण एकदम बोलू लागले तर जसे होईल, तसा गोंधळ होतो.

गुहेच्या आत ही सगळीच मोजमापे कठीण होतात. जमीन सपाट नसते, सरळ रेषेत चालता येत नाही. सळई ठोकणे म्हणजे पुन्हा इजा करणेच झाले.

विस्तवासाठी मात्र यांहून सोयीची पद्धत आहे. तिला जमिनीला स्पर्शही करावा लागत नाही.

भाजलेली माती आणि पृथ्वीचे चुंबक

वीटभट्टीवर गेलात तर कच्ची वीट पिवळसर किंवा करडी दिसते आणि भाजलेली वीट लाल. हा रंग बाहेरून दिलेला नसतो. मातीत लोहाची संयुगे आधीपासूनच असतात. तापमान २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यांतले पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट नावाचे तांबडे ऑक्साइड बनते. जेथे हवा कमी पोचते, धूर कोंडतो, तेथे त्यापुढे मॅग्नेटाइट बनते. मॅग्नेटाइट हे काळे आणि चांगलेच चुंबकीय खनिज आहे. पुढे विस्तव विझताना हवा लागली तरी जे ऑक्साइड तयार होते तेही चुंबकीयच असते. फ्रेंच शास्त्रज्ञ ल बोर्न्य यांनी १९५५ ते १९६० च्या सुमारास दाखवून दिले, की विस्तव लागलेल्या मातीचे चुंबकीय गुण मूळ मातीपेक्षा पुष्कळ वाढतात.

येथपर्यंत रसायनशास्त्र झाले. आता भौतिकी. मॅग्नेटाइटचा प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला चुंबक समजा. तो तापवला तर त्यातील अणूंची धडपड वाढत जाते आणि सुमारे ५८० अंशांना कणाचे कायम चुंबकत्व नाहीसे होते. या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. हेमॅटाइटसाठी ते सुमारे ६८० अंश आहे. विस्तव विझून कण पुन्हा थंड होऊ लागले म्हणजे त्यांचे चुंबकत्व परत येते. पण आता त्यांच्याभोवती पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आहे. त्यामुळे असंख्य कणांपैकी जास्त कण पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेला वळून थिजतात. भाजण्यापूर्वी त्यांची तोंडे दाही दिशांना होती, त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्याने खोडला जाई. आता त्यांची बेरीज होते. विस्तव ५८० अंशांपर्यंत पोचला नाही तरी थोडे कण असे वळतातच. ही स्थिती पुढे तशीच टिकते. राख उडून गेली, कोळसा कुजला, वर चुना चढला, तरी कण हलत नाहीत. आणि लोहचुंबकाचे क्षेत्र चुन्याच्या थरातून सहज पार जाते. टाचणी आणि लोहचुंबक यांच्यामध्ये वहीचे पान धरून पाहा.

हे क्षेत्र किती असते? पृथ्वीचे क्षेत्र मोजायला नॅनोटेस्ला हे एकक वापरतात, म्हणजे टेस्लाचा एक अब्जावा भाग. अलिबागला पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, फ्रान्सच्या दक्षिण भागात सुमारे ४७ हजार. एखाद्या जुन्या चुलीमुळे त्यात पडणारा फरक काही नॅनोटेस्लापासून काही दशकांपर्यंत. सत्तेचाळीस हजारांत दहाचा फरक! तुमच्या कंपासपेटीतल्या होकायंत्राची सुई यामुळे केसभरही हलणार नाही.

तो फरक टिपणारे एक यंत्र इतके सुरेख आहे, की त्याच्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याचे नाव प्रोटॉन चुंबकत्वमापक. त्याच्या पोटात असते एक बाटली, तीत पाणी किंवा रॉकेलसारखा द्रव, आणि बाटलीभोवती तारेचे वेटोळे. द्रवातील हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे प्रोटॉन. तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. वेटोळ्यातून जोरदार प्रवाह सोडला की प्रोटॉन एका दिशेला वळतात. प्रवाह एकदम बंद केला की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात. भोवरा मंदावताना डोके गोल फिरवतो ना, तसे. हे डुलणे किती वेगाने होईल ते फक्त भोवतालच्या क्षेत्रावर अवलंबून असते. ४७ हजार नॅनोटेस्लाला ते दर सेकंदाला सुमारे २,००० वेळा होते. डुलणाऱ्या प्रोटॉनांमुळे वेटोळ्यात तेवढ्याच कंपनसंख्येची क्षीण वीज निर्माण होते. ती वाढवून ध्वनिक्षेपकाला जोडली तर चक्क शिट्टी ऐकू येते! क्षेत्र १०० नॅनोटेस्लाने वाढले की कंपने सेकंदाला सव्वाचारने वाढतात. अलिबागला हीच शिट्टी किती कंपनांची वाजेल, ते तुम्हीच काढा.

ऑक्सफर्डचे मार्टिन एटकेन यांनी १९५८ साली इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन येथे हे यंत्र फिरवले. तेथून रुंद रस्ता जायचा होता आणि त्याखाली रोमन काळातील कुंभारांच्या भट्ट्या असाव्यात अशी शंका होती. सगळे शेत खणायला वेळ नव्हता. यंत्राचा आकडा एके ठिकाणी एकदम वाढला. तेथे खणले, आणि भट्टी निघाली. अजून अतिशय सूक्ष्म फरक टिपणारी दुसरी यंत्रे पुढे आली. परंतु जागा चौकटीत आखून घ्यायची, पावलापावलावर क्षेत्र मोजायचे आणि आकड्यांचा नकाशा करायचा, ही रीत तीच राहिली.

या कामात शत्रूही पुष्कळ. मोजणाऱ्याच्या खिशातली किल्ली, पट्ट्याचे बक्कल, बुटातला खिळा, चष्म्याची काडी, काहीही चालत नाही. आमच्या महाविद्यालयात मॅग्नेटोमीटरचा प्रयोग करताना मुलांना मी घड्याळे काढून ठेवायला सांगतो तेव्हा ती हसतात. पण येथे तर त्याच्या हजारपट काळजी हवी. दुसरा शत्रू म्हणजे वीज. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. ट्राम मुंबईतून १९६४ साली गेल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे.

तिसरा शत्रू सूर्य. त्याच्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत वीजप्रवाह वाहतात आणि पृथ्वीचे क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते. म्हणजे आपण शोधतो त्या चुलीएवढेच! मग चूल कोणती आणि सूर्य कोणता? यावर तोड अशी. दोन मापके एकाच काठीवर लावायची, एक खाली जमिनीजवळ आणि एक वर. सूर्याचा परिणाम दोघांवर सारखाच होतो. चुलीचे क्षेत्र मात्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की परिणाम आठवा हिस्सा. त्यामुळे खालच्या मापकाला चूल जाणवते, वरच्याला जेमतेम. दोन आकड्यांची वजाबाकी केली की सूर्य निघून जातो आणि चूल उरते. साधी वजाबाकी, पण किती उपयोगाची!

ब्रुनिकेलच्या कड्यांत काय दिसले

ब्रुनिकेलच्या दालनात अशा चुंबकीय मोजणीने नकाशा तयार केला गेला. चुनखडक आणि शुद्ध चुना जवळजवळ अचुंबकीय असतात. म्हणजे हा कोरा कागदच. त्या कागदावर ठिकठिकाणी डाग उमटले, आणि ते तांबूस, काळे, तडकलेले तुकडे होते त्या जागांशी जुळले. मँगॅनीजचा काळा लेप असा डाग उमटवत नाही, आणि नुसता ओघळून आलेला तांबूस रंगही नाही. तेथे उष्णता लागली होती. तांबूस झालेले ५७ आणि काळे पडलेले ६६ तुकडे मोजले गेले. विस्तवाच्या खुणा सहाही रचनांवर मिळाल्या, दोन कडी आणि चार ढीग, सगळ्यांवर. विस्तव रचलेल्या सुळक्यांवर पेटवला होता. जंगलातला वणवा ३३६ मीटर आत येऊन नेमका सहा ढिगांवर बसत नाही, आणि वीज तेथे पडत नाही. एवढे कळायला एकही तुकडा जागचा हलवावा लागला नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. चुंबकत्वमापकाने ‘येथे भाजले आहे’ एवढेच सांगितले. ‘केव्हा’ हे सांगण्याचे काम दुसऱ्या घड्याळाचे.

ते घड्याळ युरेनियमचे. पाण्यात युरेनियम थोडे विरघळते, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे नुकत्याच साचलेल्या चुन्यात युरेनियम असते, थोरियम नसते. पुढे युरेनियमपासून थोरियमचा एक समस्थानिक तयार होत जातो. आज त्यात थोरियम किती, यावरून चुना केव्हा साचला हे काढता येते, आणि ही पद्धत काही लाख वर्षांपर्यंत चालते. शास्त्रज्ञांनी बारीक भोके पाडून नमुने घेतले. मोडलेल्या सुळक्याचा अगदी शेवटचा थर मोडण्यापूर्वीचा. रचल्यानंतर त्यावर पुन्हा पाणी ठिबकून चढलेला पहिला थर मोडल्यानंतरचा. मोडण्याची वेळ या दोहोंच्या मध्येच असली पाहिजे. ज्या चुन्याच्या कवचाने खणण्याची वाट अडवली होती, त्यानेच अशी तारीख जपून ठेवली होती. उत्तर आले १,७६,५०० वर्षे, दोन हजार वर्षे इकडे किंवा तिकडे.

आता कार्बनचा काटा का अडकला ते कळेल. एवढ्या काळात कार्बनचे अर्धे होणे जवळजवळ ३१ वेळा होते, म्हणजे मूळच्या सुमारे दोन अब्ज भागांतला एक उरतो.

हे संशोधन मे २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १,७६,५०० वर्षांपूर्वी युरोपच्या या भागात आपल्यासारखी माणसे पोचलेलीच नव्हती. तेथे होते निअँडरथल मानव. पुस्तकांतून ज्यांची चित्रे वाकलेली, केसाळ, मठ्ठ अशी काढली जात, तेच. त्यांनी विस्तव हातात धरून काळोखात तीनशे मीटरांहून आत जायचे ठरवले, सुळके मोडून सारख्या लांबीचे तुकडे निवडले, थर रचले, टेकू दिले आणि त्यावर विस्तव पेटता ठेवला. एकट्याने हे होत नाही. कोणीतरी मोडणारा, कोणीतरी उजेड धरणारा हवा, आणि आपण काय करणार आहोत हे एकमेकांना सांगता आले पाहिजे. याआधी गुहेत इतक्या आत माणूस वावरल्याचे सर्वांत जुने भक्कम पुरावे फ्रान्सच्याच शोव्हे गुहेतले, सुमारे ३६ ते ३८ हजार वर्षांपूर्वीचे होते, आणि तेथील चित्रे आपल्याच जातीच्या माणसांची. ही कडी कशासाठी केली, याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. चुंबकत्वमापक त्यावर गप्प आहे आणि आपणही तूर्त गप्प राहावे हे बरे.

आता तुम्ही विचाराल, महाराष्ट्रात असे करता येईल का? आपल्याकडे अजिंठा, वेरूळ, कार्ले या लेण्या प्रसिद्ध आहेत. पण त्या माणसाने छिन्नीने कोरलेल्या, ऐतिहासिक काळातल्या. शिवाय आपला सह्याद्री बेसॉल्टचा. बेसॉल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात मॅग्नेटाइट भरपूर, आणि थंड होताना तोही पृथ्वीच्या क्षेत्रात थिजलेला. नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवा, काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतील. ते बेसॉल्टमधूनच आलेले असतात. अशा खडकावर एका चुलीचे दहा-वीस नॅनोटेस्ला शोधणे म्हणजे शाई सांडलेल्या कागदावर पेन्सिलीचा ठिपका शोधणे. आंध्र प्रदेशात पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यातील बिल्ला सुरगम येथे मात्र चुनखडकाच्या नैसर्गिक गुहा आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी त्या १८८४ साली खणल्या होत्या. तेव्हा कुदळीखेरीज दुसरे साधन नव्हते.

ब्रुनिकेलच्या दालनात अजून एकही चर खणलेला नाही. कवचाखाली काय आहे हे न फोडता कसे पाहावे, याचा विचार चालू आहे. गुहेच्या तोंडाशी दार बसवलेले आहे आणि आत मोजक्या लोकांनाच सोडतात.